उजव्या वळणावरच नाक का पडतं? एका व्ही-टेल ग्लायडरच्या ट्रान्समीटर सेटिंगचं प्रकरण

रेडिओ रिमोटने उडणाऱ्या एका मॉडेल विमानाच्या मालकाची तक्रार अशी होती: विमान डावीकडे जड वाटतं पण गुणी आहे, उजवीकडे चपळ आहे पण घातकी. उंचीवर असताना फारसं जाणवत नाही. उतरण्यासाठी घेतलेल्या शेवटच्या उजव्या वळणात मात्र नाक एकाएकी खाली जातं आणि स्टिक पोटाशी ओढली तरी वर येत नाही. एकदा असंच नाक गवतात रुतून पुढचा फोम दबला होता. मालकाने निदानही करून ठेवलं होतं: उजव्या पंखात पीळ आहे, त्यामुळे तो पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल एकाएकी सुटते. पंख वाफेवर धरून सरळ करायची तयारी चालली होती.

विमान म्हणजे 2 मीटर पंखविस्ताराचा फोमचा इलेक्ट्रिक ग्लायडर. घडी होणारा प्रोपेलर, 3 सेलची लिपो बॅटरी, प्रत्येक एलेरॉनला (विमान कलंडवणारं पंखामागचं हलतं पातं) स्वतंत्र सर्व्हो (पातं हलवणारी छोटी मोटर), शेपटी व्ही आकाराची (व्ही-टेल), रिसीव्हर 6 चॅनेलचा, म्हणजे सहा वेगळ्या आज्ञा घेणारा. आधी हे एका साध्या ट्रान्समीटरवर उडायचं. दोन्ही एलेरॉन वाय केबलने एकाच चॅनेलवर होते आणि व्ही-टेलचं मिक्स (कुठल्या स्टिकची आज्ञा कुठल्या चॅनेलला किती जायची ती मांडणी) ट्रान्समीटरमध्ये तयारच मिळालं होतं. उतरताना स्पॉइलर (उचल कमी करायला दोन्ही एलेरॉन एकदम वर) हवेत आणि एलेरॉनला डिफरेन्शियल (वरची हालचाल खालच्यापेक्षा जास्त) हवं म्हणून मालकाने एजटीएक्स फर्मवेअरचा ट्रान्समीटर घेतला, वाय केबल काढली आणि कोऱ्या मॉडेलवर सगळं स्वतः लिहिलं. मोड 2, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा जोर) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे) डाव्या स्टिकवर, एलिव्हेटर (नाक वर-खाली) आणि एलेरॉन उजव्या. चॅनेल 1 वर उजवं एलेरॉन, 2 वर व्ही-टेलचं डावं पातं, 3 वर थ्रॉटल, 4 वर उजवं पातं, 5 वर डावं एलेरॉन.

पंखाला हात लावण्याआधी संशयितांची यादी लहान करून घेतली. मोटरचा टॉर्क नाही, कारण मोटर बंद असतानाही तेच होत होतं. गुरुत्वमध्य पुस्तिकेतल्या खुणेवर होता, आणि तसाही गुरुत्वमध्य पुढे-मागे असण्याला डावं-उजवं कळत नाही. पंखात पीळ असता किंवा एक पंख जड असता, तर स्टिक सोडल्यावर विमान एका बाजूला कलंडायला हवं होतं आणि एलेरॉनचं ट्रिम (स्टिक सोडल्यावरची पात्याची जागा ठरवणारी बारीक दुरुस्ती) एका बाजूला सरकलेलं दिसायला हवं होतं. ट्रिम जवळपास मध्यावर होतं, आणि हात सोडल्यावर ग्लाइड सरळ. म्हणजे विमान स्वतःहून वाकडं नव्हतं. स्टिक हलवल्यावरच वाकडं वागत होतं. असा दोष फोममध्ये कमी आणि ट्रान्समीटरमध्ये जास्त सापडतो.

ट्रान्समीटरच्या कार्डावर लॉग चालू ठेवलेला होता, ही मोठी सोय झाली. त्यात स्टिकची मूल्यं ओळीने नोंदलेली असतात. नाक पडण्याच्या आधीच्या ओळींमध्ये एक आकृतिबंध होता: एलिव्हेटर सुमारे 70 टक्के मागे ओढलेलं, आणि त्याच वेळी उजवा रडर थेट टोकाला. डाव्या वळणांत रडर इतका कुठेच नव्हता. इथे दोन प्रश्न पडतात. उजवीकडे वळताना एवढा रडर का लागतो? आणि एवढा रडर दिल्यावर नाक का पडतं? दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या चुकांत होती, पण पहिलीने दुसरीला वाट करून दिली होती.

आधी पहिली. मिक्सच्या पानावर एलेरॉनसाठी हे लिहिलेलं होतं: चॅनेल 1 ला एलेरॉन +100 आणि स्पॉइलर +50, चॅनेल 5 ला एलेरॉन +100 आणि स्पॉइलर −50. दोन्ही एलेरॉनच्या ओळींना डिफरेन्शियल 40.

ज्याला ही पानं वाचायची सवय आहे तो इथेच थबकेल. एलेरॉन म्हणजे एक पातं वर आणि दुसरं खाली, तरी चिन्हं सारखी. स्पॉइलर म्हणजे दोन्ही पाती वर, तरी चिन्हं विरुद्ध. सगळं नेमकं उलटं, आणि तरीही जमिनीवर सगळं बरोबर हलत होतं.

ते तसं हलत होतं कारण दोन्ही पंखांतले सर्व्हो एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे बसवलेले असतात. दोघांना एकच सिग्नल दिला तर एक पातं वर जातं आणि दुसरं खाली. म्हणून तर वाय केबलवर एलेरॉन चालतात. मालकाने वाय केबल काढून दोन्ही चॅनेलना एलेरॉन +100 दिलं, पाती नीट हलली, तो पुढे गेला. नंतर स्पॉइलर लावला तेव्हा एक पातं वर आणि एक खाली गेलं. त्याने एका ओळीचं चिन्ह उलटं केलं, दोन्ही वर आली, प्रश्न मिटला. प्रत्यक्षात तो फक्त डोळ्यांआड झाला होता.

डिफरेन्शियलचं काम असं, की वर जाणारं एलेरॉन पूर्ण जावं आणि खाली जाणारं कमी. खाली झुकलेलं एलेरॉन त्या पंखाची उचल वाढवतं, उचलीबरोबर ओढही वाढवतं आणि नाक वळणाच्या उलट्या बाजूला खेचतं. लांब पंखांच्या ग्लायडरला हा त्रास जास्त. ट्रान्समीटरला मात्र वर आणि खाली माहीत नसतं. त्याला धन आणि ऋण माहीत असतं. एजटीएक्समध्ये मिक्सच्या ओळीला आधी वेट (+100 सारखा टक्का) लागतं आणि मग डिफरेन्शियल. धन 40 म्हणजे येणाऱ्या मूल्याची ऋण बाजू 40 टक्क्यांनी छाटली जाते.

आता हिशेब करून पाहू. स्टिक पूर्ण उजवीकडे: दोन्ही चॅनेलवर +100. छाटण्यासारखं ऋण काहीच नाही. उजवं पातं पूर्ण वर, डावं पूर्ण खाली. स्टिक पूर्ण डावीकडे: दोन्ही चॅनेलवर −100, दोन्ही छाटून −60. उजवं पातं साठ टक्के खाली, डावंही साठ टक्केच वर. म्हणजे डिफरेन्शियल कुठल्याच वळणात नव्हतं. त्याने फक्त डावा रोल मंद केला होता. उजवा रोल चपळ, पण नाक जोरात डावीकडे ओढणारा. ते आवरायला वैमानिक नकळत उजवा रडर टोकापर्यंत ढकलत होता. डावीकडे पाती कमी हलत असल्यामुळे नाकाची ओढही कमी, म्हणून रडरची गरजही कमी.

या प्रकरणातून एकच नियम उचलायचा असेल तर तो हा: मिक्सच्या पानावर विमानाची भाषा वापरा, सर्व्होची नाही. तिथे धन म्हणजे पातं वर, ऋण म्हणजे पातं खाली, असं एकदा ठरवायचं आणि प्रत्येक ओळ त्याच अर्थाने लिहायची. सर्व्हो कुठल्या बाजूने बसवलाय, आर्म (सर्व्होचा हात) कुठल्या दिशेला आहे, हा तपशील मिक्सला कळताच कामा नये. त्यासाठी आउटपुट्सचं पान आहे, आणि रिव्हर्स फक्त तिथेच करायचं. पातं उलटं हललं की हाताला पहिल्यांदा मिक्सचं चिन्ह बदलायचा मोह होतो, कारण ते पान समोरच उघडं असतं. त्या क्षणी परिणाम सारखाच दिसतो. फरक पडतो तो त्यावर डिफरेन्शियल, स्पॉइलर, कर्व्ह असं काही रचायला लागल्यावर.

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर गोंधळ होईल. एजटीएक्समध्ये एलिव्हेटरची स्टिक पुढे ढकलली की मूल्य धन येतं, मागे ओढली की ऋण. मागे ओढल्यावर पातं वर जायला हवं, म्हणून ‘धन म्हणजे वर’ या भाषेत एलिव्हेटरचं वेट ऋणच लिहावं लागतं. ती पळवाट नव्हे, स्टिकच्या बाजूचा तो खरा अर्थच आहे. पुढच्या आकड्यांत मी हे ऋण चिन्ह गृहीत धरलंय आणि फक्त पात्याची हालचाल लिहिलीय.

आता दुसरी चूक, नाक पडण्याची. व्ही-टेलमध्ये दोन पाती एलिव्हेटर आणि रडर अशी दोन्ही कामं करतात. एलिव्हेटर वर म्हणजे दोन्ही पाती वर. उजवा रडर म्हणजे डावं पातं वर, उजवं खाली. मालकाने दोन्ही कामांना 100-100 टक्के दिले होते. एका पगारात दोन घरं चालवायची आणि दोन्हीकडे पूर्ण पगाराचा शब्द देऊन ठेवायचा, असा तो प्रकार. महिन्यातले बरेच दिवस चालतं, दोन्हीकडून एकदम मागणी आली की अडतं.

लॉगमधलीच स्थिती घ्या: एलिव्हेटर 70 वर, रडर 100 उजवा. डाव्या पात्याला हवेत 70 अधिक 100, म्हणजे 170; आउटपुटची मर्यादा 100, वरचे 70 वाया. उजव्या पात्याला 70 वजा 100, म्हणजे −30. विमानाला जाणवतं ते दोन्हींच्या सरासरीतून: एलिव्हेटर म्हणून 100 आणि −30 यांची सरासरी, 35. स्टिक हलवलेली नाही, पण रडर दिल्याबरोबर एलिव्हेटर 70 वरून 35 वर आला. नाक पडणारच. घाबरून स्टिक पूर्ण ओढली तर डावं पातं 100 वरच अडकलेलं, उजवं शून्यावर, एलिव्हेटर फक्त 50. ‘ओढलं तरी येत नाही’ ही तक्रार अक्षरशः खरी होती. स्टॉलचा इथे संबंध असलाच तर नंतरचा.

जमिनीवर हे लक्षात येत नाही, कारण तपासताना आपण एकेक स्टिक वेगळी हलवतो. एलिव्हेटर पाहिला, ठीक. रडर पाहिला, ठीक. मिक्स असलेल्या विमानात स्टिक कोपऱ्यात नेऊन पाहायला हवी. मोड 2 मध्ये त्यासाठी दोन्ही स्टिक एकदम लागतात, म्हणून ते हमखास राहून जातं. चॅनेल मॉनिटरवर पट्टी टोकाला जाऊन थांबली आणि स्टिक अजून पुढे जातेय असं दिसलं, की समजावं मूल्य कापलं जातंय.

दुरुस्ती मिक्सपासून सुरू केली नाही. आधी प्रोपेलर काढला. हा सल्ला सगळे देतात आणि बरेच जण टाळतात, म्हणून त्याचं एक नेमकं कारण सांगतो. वेगवेगळ्या कंपन्यांचा चॅनेलचा क्रम वेगळा असतो. काहींत पहिला चॅनेल एलेरॉनचा, काहींत थ्रॉटलचा. जुन्या क्रमाने जोडलेला ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा कंट्रोलर) नव्या ट्रान्समीटरच्या एलेरॉन चॅनेलवर राहिला, तर त्याला मधला सिग्नल मिळतो; तो आर्म होत नाही, म्हणजे मोटर चालवायला तयार होत नाही, नुसता बीप देत राहतो. आपण सवयीने एलेरॉन तपासायला स्टिक डावीकडे नेऊन धरतो. ईएससीला ते ‘थ्रॉटल शून्य’ वाटतं, तो आर्म होतो, आणि स्टिक मध्यावर सोडताच मोटर अर्ध्या ताकदीने सुटते. टेबलावर, तोंडासमोर.

मग सर्व्हो आणि पुशरॉड (सर्व्होपासून पात्यापर्यंतची दांडी). इथे तिसरी, गरीब वाटणारी गोष्ट निघाली. एलेरॉनचे पुशरॉड सर्व्हो आर्मच्या सगळ्यात बाहेरच्या भोकात होते. हालचाल फार होते म्हणून मालकाने आउटपुटची दोन्ही टोकं 45 टक्क्यांवर आणून ठेवली होती. सिग्नलचा पूर्ण पल्ला सुमारे 1024 मायक्रोसेकंदांचा, 988 ते 2012. सर्व्होचा डेडबँड (जेवढ्या लहान बदलाला सर्व्हो हलतच नाही तो) 5 मायक्रोसेकंद धरला तर पूर्ण पल्ल्यात दोनशेच्या आसपास वेगळ्या जागा मिळतात. 45 टक्क्यांत नव्वदच. शिवाय आर्म लांब म्हणजे सर्व्होचा जोर कमी आणि गिअरमधला ढिलेपणा पात्यावर मोठा होऊन दिसणार. पुशरॉड आतल्या भोकात घेतला, टोकं पुन्हा 100 वर नेली. हालचाल तेवढीच, पण पातं मध्यावर परतताना आता एकाच जागी थांबू लागलं.

आर्म पुशरॉडशी काटकोनात बसायला हवा. स्प्लाइनच्या (सर्व्होच्या दातेरी अक्षाच्या) दातांमुळे तो नेमका काटकोनात बसत नाही, थोडा उरतोच. उरलेल्यासाठी आउटपुटच्या पानावरचं पीपीएम सेंटर वापरलं, सबट्रिम नाही. पीपीएम सेंटर अख्खा पल्ला सरकवतं. सबट्रिम नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त मध्य सरकवतं आणि टोकं जागेवर ठेवतं, त्यामुळे एका बाजूची हालचाल दाट आणि दुसरीची विरळ होते. एखाद-दोन टक्क्यांना फरक पडत नाही. पंधरा-वीस टक्के सबट्रिम दिसलं की आर्म काढून एक दात फिरवून बसवावा. पुशरॉडची लांबी क्लेव्हिसने (त्याच्या टोकाच्या फिरवता येणाऱ्या चिमट्याने) जुळवावी.

यानंतर मिक्स पुन्हा लिहिलं. चॅनेल 1: एलेरॉन +100, स्पॉइलर +50. चॅनेल 5: एलेरॉन −100, स्पॉइलर +50. दोन्ही एलेरॉन ओळींना डिफरेन्शियल 40. आउटपुटच्या पानावर चॅनेल 5 रिव्हर्स. बस्स. स्टिक उजवीकडे नेली: उजवं पातं 14 मिलिमीटर वर, डावं 8 मिलिमीटर खाली. डावीकडे नेली: आरशातलं तेच चित्र. डाव्या सर्व्होची हालचाल किंचित जास्त भरत होती, ती आउटपुटच्या टोकाला तीन-चार टक्के कमी करून जुळवली. मोजताना पट्टी पात्याच्या सगळ्यात रुंद भागाशी, मागच्या कडेला धरायची. नजरेवर सोडायचं नाही.

व्ही-टेलला एलिव्हेटर 60, रडर 40. दोन्ही टोकाला नेले तरी बेरीज 100. पण त्यामुळे एलिव्हेटरची हालचाल चाळीस टक्क्यांनी घटणार होती, ती आधीच यांत्रिक बाजूने भरून काढली होती: हॉर्नवर (पात्यावरच्या भोकांच्या खुंटीवर) पुशरॉड पात्याच्या एक भोक जवळ घेतला. आधी पूर्ण सिग्नलला 10 मिलिमीटर हलणारं पातं आता 15 हलू लागलं, आणि 60 टक्क्यांना 9 मिळाले. पुस्तिकेतलं एलिव्हेटरचं माप तेवढंच होतं. हे उलट क्रमाने केलं असतं, म्हणजे आधी मिक्स आणि मग भोक, तर सगळं पुन्हा मोजावं लागलं असतं.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर विमानाने काय करायचं ते, इथे वेगळा उल्लेख मागतो. रिसीव्हर ‘होल्ड’वर होता: सिग्नल गेला तर शेवटची आज्ञा तशीच चालू. मोटर चालू असताना सिग्नल गेला तर मोटरही चालूच राहणार. फेलसेफची मूल्यं मिक्स आणि रिव्हर्स यांना वळसा घालून थेट चॅनेलवर जातात, म्हणून पुशरॉड आणि टोकं बदलल्यावर जुने आकडे कामाचे राहत नाहीत. स्टिक आणि स्लायडर हव्या त्या जागी धरून आत्ताची आउटपुट्स फेलसेफमध्ये उतरवून घेतली: थ्रॉटल −100, स्पॉइलर अर्धे वर, रडर जरासा डावा. मग प्रोपेलरशिवाय मोटर चालवून ट्रान्समीटर बंद केला आणि खरंच थांबते का ते पाहिलं. आकडा भरला म्हणजे फेलसेफ झाला असं मी मानत नाही. बंद करून पाहिल्याशिवाय तो झालेला नसतो.

थ्रॉटल कटचा स्विच, कमी पॉवरवर रेंज तपासणी, रिसीव्हरच्या दोन्ही अँटेना एकमेकींशी काटकोनात आणि कार्बनच्या नळीपासून दूर, हे नेहमीचं. त्यात इथे काही अडलं नाही.

उड्डाणात उजवा आणि डावा रोल आता सारख्या वेगाने होऊ लागला. मालकाची पहिली प्रतिक्रिया मजेशीर होती: विमान डावीकडे ‘फार तीव्र’ झालंय. जुन्या मंद डाव्या रोलची हाताला सवय लागली होती. एलेरॉनला 25 टक्के एक्स्पो (मध्याजवळ स्टिकचा परिणाम मऊ करणारी सेटिंग) दिला, तो इनपुट्सच्या पानावर, म्हणजे स्टिकच्या बाजूला, त्याने भागलं. उंचीवर एलिव्हेटर ओढून धरून रडर टोकाला नेला. विमान घट्ट वळलं, नाक जागेवर राहिलं.

डिफरेन्शियल 40 ला वळणात शिरताना नाक अजून थोडं मागे राहत होतं. 50 केल्यावर सुधारलं, पण पूर्ण नाही, म्हणून मालकाला एलेरॉनबरोबर थोडा रडर आपोआप हवा होता. रास्त मागणी. पण तो रडरही त्याच दोन पात्यांकडून घ्यायचा आहे. 60 अधिक 40 वर आणखी 10 ठेवले तर बेरीज 110 होते आणि जुना आजार लहान रूपात परततो. म्हणून वाटणी बदलली: एलिव्हेटर 55, रडर 35, एलेरॉनकडून 10. एलिव्हेटरचं माप 9 वरून सव्वाआठ मिलिमीटरवर आलं, उड्डाणात ते कमी पडलं नाही.

स्पॉइलर उघडताना नाकाची जी हालचाल होते ती भरून काढायला एलिव्हेटरचं थोडं मिक्स अजून बाकी आहे. किती आणि कोणत्या दिशेने ते उंचीवर स्पॉइलर हळूहळू उघडून विमानाकडूनच ठरेल. स्पॉइलर वर असताना ते मिक्स एलिव्हेटर वर मागत असेल, तर 55-35-10 मधून कुणाचं किती कमी करायचं हे आधी ठरवावं लागेल. खाली मागत असेल, तर खालच्या टोकाला बेरीज 100 ओलांडते का ते स्टिक कोपऱ्यात नेऊन मॉनिटरवर पाहायचं.